मोनिकाने उभी केलेली पहाट

राहात्यात मच्छिंद्र गाडेकरांचा मंडपाचा धंदा जुना. त्यांच्या थोरल्या मुलीने, मोनिकाने, आयटीआयला वायरमनचा कोर्स केला आणि बापाच्या मागे लागून एलईडी वॉल घ्यायला लावली. लग्नात मागच्या पाहुण्यांनाही नवरा-नवरी दिसावेत म्हणून चौकोनी पॅनल जोडून उभा करतात, तो पडदा. मंगल कार्यालयात गेलं की लोक विचारायचे, "मालक कुठं हायेत?" पॅनलची कडी अडकवता अडकवता ती म्हणायची, "बोला, मीच." सुरुवातीला लोक हसायचे. मग हळूहळू तिचाच नंबर मागून घ्यायला लागले.

पितृपक्षात काही कार्य नसतं. वॉल गोदामात पडून होती, तेव्हा निकिता आली. संगमनेरची पोरगी, पुण्यात सिनेमा शिकलेली. भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी एकटी राहणाऱ्या म्हातारीची गोष्ट तिला करायची होती, आणि म्हातारीचं काम करणार होती तिच्या आजीची सख्खी बहीण, गोजरबाई. गोजरबाईचा जन्म त्याच पाण्याकाठी गेलेला. पण खुब्याचं हाड मोडलं आणि लेकीने तिला राहात्याला आणलं. आता पहाटेच्या अंधारात तिथला डोंगराचा चढ चढणं तिला जमणारं नव्हतं.

"मी पहाट चित्रित करून आणलीय," निकिता म्हणाली. "आज्जीला तिथं नेता येत नाही, तर पहाट इथं उभी करू. जमेल ना, मोनिकाताई?"

असलं काम मोनिकाने कधी केलं नव्हतं. तरी ती "बघू की" म्हणाली.

एका रिकाम्या मंगल कार्यालयात वॉल उभी राहिली. खिडक्यांना काळी कापडं लावली. गोजरबाई दगडासारख्या रंगवलेल्या ठोकळ्यावर बसली, मागे धरणाचं पाणी उजळलं. सवयीप्रमाणे मोनिकाने लग्नातले मोठे दिवे समोरून सोडले. पडद्यावरची पहाट धुतल्यासारखी फिकी पडली आणि गोजरबाई फोटो कापून चिकटवल्यासारखी दिसायला लागली. दिवे बंद केले, तर तिचा चेहराच दिसेना. उजेड सगळा पाठीमागून.

कॅमेरा चालवणारा ओंकार डोकं खाजवत बसला. निकिता म्हणाली, "उजेडही पहाटेचाच हवा. समोरून यायला हवा."

मोनिका टेम्पोकडे गेली. शिल्लक पॅनल उतरवून घेतले, कॅमेऱ्याच्या बाजूला गोजरबाईकडे तोंड करून लावले, थोडे वर लोखंडी सांगाड्याला टांगले. समोर उगवतीचा डोंगर, वर आभाळ.

मच्छिंद्र चहा घेऊन आले होते. ते बघतच राहिले. "आगं, ह्यो तर क्यामेऱ्यात येतच न्हाई. जो पडदा कुनी बघनार न्हाई, त्यो कशाला लावायचा?"

"आबा, ह्यो बघायला न्हाई, उजेडाला हाय."

उजेड तर आला, पण गोजरबाईची कातडी जांभळट दिसायला लागली, जणू आठवडाभर आजारी. पॅनलमधले लाल, हिरवे, निळे ठिपके मिळून होणारा उजेड डोळ्याला पांढरा वाटतो, माणसाच्या कातडीवर मात्र नीट बसत नाही, हे ओंकारने सांगितलं. त्याने पातळ कापडाआडून एक साधा पांढरा दिवा हळूच मिसळला. मोनिकाने संगणकावर निळा उतरवला. पुन्हा बघितलं, पुन्हा उतरवला. सकाळ त्यातच गेली. एकदा तर वैतागून ती म्हणालीसुद्धा, "ताई, माझ्याच्यानं न्हाई व्हायचं." निकिताने चहाचा कप तिच्या हातात दिला. चहा संपवून तिने निळा आणखी थोडा उतरवला, तेव्हा कुठं गोजरबाईची कातडी कातडीसारखी दिसली.

बाहेर पेरूच्या गाड्या बाजाराकडे निघाल्या होत्या, भर दुपार झालेली. आत निकिताने पहाट पहिल्यापासून लावली. आधी निळसर काळोख. मग डोंगराच्या कडेला तांबूस रेघ. ती रेघ गोजरबाईच्या गालावर उतरली, सुरकुत्यांत शिरली, डोळ्यांत चमकली. आणि सूर्य वर आला तशी कुणी न सांगता गोजरबाईने कपाळावर आडवा हात धरला.

"ऊन आलं गं बया," ती पुटपुटली.

हे वाक्य काही लिहिलेलं नव्हतं. ओंकारने कॅमेरा चालूच ठेवला. किती वर्षांनी हे ऊन अंगावर घेतलं, ते गोजरबाई बोलत गेली. तिचा धनी होडी कशी वल्हवायचा, तेही आलं. मोनिका संगणकापाशी बसून डोळे पुसत होती, पण बोट बटणावर होतं; उजेड हळूहळू वाढवत न्यायचा होता.

दिवाळीनंतर सिनेमा राहात्यातच दाखवला. गोजरबाई पहिल्या रांगेत खुर्चीवर. लोकांनी निकिताला विचारलं, एवढ्या म्हातारीला डोंगरावर नेलं कसं? निकिताने मोनिकाकडे बोट केलं.

आता गाडेकरांच्या गोदामाच्या भिंती काळ्या रंगवल्यात, लग्नसराई नसली की वॉल तिथंच शूटिंगसाठी उभी असते. नाशिकची एक मंडळी नुकतीच येऊन जागा बघून गेली. त्यांना चालत्या एसटीतला प्रसंग हवाय. खिडकीबाहेरून धावणाऱ्या झाडांची सावली माणसाच्या तोंडावरून कशी सरकवायची, ते मोनिका सध्या आबांनाच स्टुलावर बसवून बघतेय. आबा हलत नाहीत, फक्त मधूनमधून विचारतात, "कुठवर आली गं गाडी?"