उशीर माझा होता

सातपूरच्या एका कारखान्यात मी कामगारांच्या कागदपत्रांचं काम बघायची. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. कामगारांचा आणि त्यांच्या बायकामुलांचा दवाखान्याचा विमा कारखान्याने उतरवला होता. बिल आधी कामगाराने भरायचं, डिस्चार्जनंतर तीस दिवसांत कागद आमच्यामार्फत विमा कंपनीकडे जायला हवेत, असा नियम.

निफाडकडचा एक फिटर होता. त्याच्या बायकोचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं. पतपेढीचं कर्ज काढून त्याने बिल भरलं आणि आठव्या दिवशी सगळे कागद माझ्या टेबलावर आणून दिले. मी आवक रजिस्टरात नोंद केली, शिक्का मारला. दिवाळी तोंडावर होती. बोनसच्या कागदांचे ढीग लागले होते. त्यातल्याच एका गठ्ठ्यात त्याचा क्लेम बांधला गेला.

दोन महिन्यांनी तो विचारायला आला, तेव्हा गठ्ठा सोडला. त्याचा क्लेम तसाच आत होता. त्याच दिवशी कागद पाठवले. उत्तर आलं: मुदतीनंतर आल्यामुळे दावा अमान्य.

आमचे साहेब म्हणाले, “त्याला सांगा, तुम्हीच कागद उशिरा दिलेत. विषय संपला.”

“रजिस्टरात तारीख आहे, सर.”

“रजिस्टर कोण बघायला येतंय?”

मी जागेवर येऊन बसले. नोकरी मलाही हवी होती, इंदिरानगरच्या फ्लॅटचे हप्ते चालू होते. पण दुपारी त्या फिटरला बोलावून घेतलं आणि खरं काय ते सांगितलं.  तो म्हणाला, “मॅडम, पगारातून पतपेढीची कपात सुरू झाली ना. आता कसं करायचं?”

“क्लेम मंजूर होईपर्यंत पतपेढीचा हप्ता मी देणार.”

“नाय, नाय. तुमच्याकडून कसे घेऊ?”

त्याची बायको तपासणीसाठी नाशिकला आली होती, गेटजवळच्या बाकावर बसली होती. तो तिला विचारायला गेला, मीही मागोमाग गेले. ती माझ्याकडे बघतच त्याला म्हणाली, “चूक झाली म्हणत्यात ना त्या? मग भरू द्या की. आपण काय भीक मागतोय का?”

मला तिचा राग आला नाही. उलट बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी पत्र लिहिलं: कागद मुदतीत मिळाले होते, विलंब माझ्याकडून झाला, विमाधारकाचा दोष नाही. सोबत रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स जोडली. शनिवारी अर्धा दिवस असे. सलग तीन शनिवार मी विमा कंपनीच्या ऑफिसात गेले. तिसऱ्या वेळी तिथले अधिकारी म्हणाले, “बाई, उशीर माफ करणं माझ्या हातात नाही. वरच्या ऑफिसला पाठवतो. पण तुमच्या साहेबांची सही लागेल.”

साहेबांनी पत्र वाचून परत सरकवलं. “हे फाईलला लागलं तर तुमच्यावर कारवाई करावी लागेल.”

“करा सर. पण सही द्या. नाहीतर हेच पत्र त्याच्या हातात देते. तो ग्राहक मंचात जाईल आणि साक्षीला मी उभी राहीन.”

 त्यांनी सही केली. संध्याकाळी मला मेमो मिळाला आणि त्या वर्षीची वेतनवाढ थांबली. घरी नवरा एवढंच म्हणाला, “सोफा पुढच्या वर्षी घेऊ.”

चेक यायला आणखी पाच महिने लागले. रक्कम थोडी कापून आली होती. फिटर माझे हप्त्यांचे पैसे पाकिटात घालून घेऊन आला. कापलेल्या रकमेएवढ्या नोटा मी त्यातून काढून त्याला परत दिल्या. त्याने या वेळी नको म्हटलं नाही, मोजून खिशात ठेवल्या. मग म्हणाला, “मंडळी आता शेतात जायला लागली. वाकून कामं करती.”

त्याच आठवड्यात मी साहेबांकडून क्लेमसाठी वेगळं रजिस्टर मागून घेतलं. कागद घेतले की कामगाराला तिथेच तारखेची पोच द्यायची, हे तेव्हापासून सुरू केलं. सुरुवातीला कामगार विचारायचे, “हे कशाला, मॅडम?” मी सांगायचे, “माझ्याकडून उशीर झाला तर दाखवायला.”