तीन पायांचा रेडा

माझ्या साडूने मला फसवलं. दहा वर्षं फसवलं, समोर बसवून फसवलं, आणि जन्मात दुसरं काही खोटं बोलल्याचं ज्याच्याबद्दल कोणाला आठवत नाही अशा माणसाने फसवलं. इल्फर्डच्या बाजारात सुटकेसच्या एका स्टॉलपासून दोन दुकानांपर्यंत मी आलो, तो काही लोकांकडून फसवून घेत नाही आलो. म्हणून ही तक्रार लेखी करतो आहे.

साडू म्हणजे माझ्या मेहुणीचे यजमान. मिल्टन कीन्सच्या बाजूला एका हॉस्पिटलात एक्स-रे वाचणारे डॉक्टर. दिवसभर लोकांची हाडं बघायची आणि घरी येऊन निकेलं बघायची, हे त्यांचे दोनच उद्योग. निकेल म्हणजे अमेरिकेचं पाच सेंटांचं नाणं. महायुद्धात अमेरिकन सैनिक इंग्लंडात येऊन राहिले, त्यांच्या खिशांतून सांडलेली ही नाणी म्हाताऱ्यांच्या बिस्किटांच्या डब्यांत चाळीस वर्षं पडून होती, आणि आता कार बूट सेलमध्ये, म्हणजे गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकायच्या बाजारात, बाहेर येत होती. जुन्या निकेलवर एक केसाळ जनावर असतं. डॉक्टर त्याला बायसन म्हणत, मी रेडा म्हणतो. हा रेडा काही नाण्यांवर मातीच्या उंचवट्यावर उभा असतो, काहींवर सरळ रेषेवर. तुम्हाआम्हाला त्याने काय फरक पडतो? डॉक्टरांना एवढा पडायचा, की उंचवट्यावरचे रेडे एका कपाटात आणि रेषेवरचे दुसऱ्या कपाटात, आणि चुकून एखादा इकडचा तिकडे गेला तर त्यांना जेवण जात नसे.

नाणी हाताळण्याआधी ते कोपरापर्यंत हात धूत. मग हातमोजे घालत. धुराने निकेलावर काळपट थर चढतो म्हणून रविवारी घरात फोडणी करायची नाही असा त्यांनी नियम काढला होता. मेहुणी तो नियम शांतपणे ऐकून घेई आणि मोहरी टाकी. मग डॉक्टर तबकं उचलून गराजमध्ये जाऊन बसत, थंडीत, ओव्हरकोट घालून, आणि जेवायला हाक मारली की आतून ओरडत, "अगं, आधी खिडकी उघड." प्रत्येक नाण्याखाली ते एक चिठ्ठी ठेवत आणि तिच्यावर एक्स-रेचा रिपोर्ट लिहावा तसा नाण्याचा रिपोर्ट लिहीत: शिंग ठीक, शेपूट झिजलेली, पाय चारही उपस्थित. गाडीतही हेच चाले. मिल्टन कीन्सच्या गोल चौकांत शिरल्यावर ते बोलायच्या नादात वळण चुकवत आणि त्याच चौकाला तीन-तीन प्रदक्षिणा घालत. मी म्हणालो, "डॉक्टर, हा चौक बघून झाला." ते म्हणाले, "शेठ, घाई करू नका, शेपटीचं अजून राहिलंय."

आणि खरं बोलण्याचं तर व्यसन. एकदा मंडळातल्या एका बाईंनी पणजोबांचं म्हणून जपलेलं नाणं मोठ्या भक्तीने मखमलीतून काढून दाखवलं. वीस माणसं भोवती. डॉक्टरांनी ते एकदा उलटं केलं, एकदा सुलटं केलं आणि म्हणाले, "आय ॲम सॉरी, हा वॉशर आहे. नळाचा असावा." मेहुणीने डोळे वटारले, तेव्हा त्यांनी दुरुस्ती केली: "पण चांगल्या नळाचा." त्या बाई पुढची दोन वर्षं यांच्याकडे हळदीकुंकवाला आल्या नाहीत.

तर अशा माणसाकडे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एका रविवारी मी माझं निकेल घेऊन गेलो. सकाळी कार बूट सेलमध्ये एका माणसाने त्याचे तीस पाउंड सांगितले होते. मी दोनदा निघून गेलो, दोनदा परत आलो, हवामानाबद्दल बोललो, आणि बारा पाउंडांना ते काढून घेतलं. त्या रेड्याला पुढचा एक पायच नव्हता. डॉक्टरांकडूनच मी ऐकलं होतं, की टांकसाळीत एकदा साचा जास्त घासला गेला आणि तीन पायांचे काही रेडे निघाले, आणि त्या नाण्यांसाठी लोक जीव टाकतात. आणखी एक सांगायला हवं. त्याच महिन्यात माझ्या भागीदाराने गोड बोलून पहिल्या दुकानाचा करार स्वतःच्या नावावर करून घेतला होता. ज्याला मी सख्ख्या भावासारखा वागवला त्याने. बाजारात लोक मला बघून बोलायचे थांबत.

डॉक्टरांनी हात धुतले, मोजे घातले, भिंग लावलं. फार वेळ बघितलं. मी म्हणालो, "बोला की. रेडा मेलाय का?" त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि म्हणाले, "शेठ, जेन्युइन आहे. कसं काय ओळखलंत तुम्ही?"

कसं ओळखलं ते मी त्यांना तासभर सांगितलं. त्या दिवशी मी तीन वेळा भात घेतला.

नाणं त्यांनी आपल्याकडेच ठेवून घेतलं. "तुमच्या दुकानात ते खराब होईल," म्हणाले. पुढे दर दिवाळीला पाहुण्यांना ते दुरून दाखवत आणि सांगत, "हे आमच्या शेठनी ओळखलं, हं." एकदा त्यांच्या क्लबातला एक गोरा भिंग घेऊन पुढे सरसावला, तर डॉक्टरांनी धाडकन ड्रॉवर बंद केला आणि त्याला चकल्या खायला नेलं. मला वाटलं, किती जपतात.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टर गेले. मेहुणी मुलीकडे एडिनबराला राहायला निघाली आणि तबकं माझ्या हवाली करून म्हणाली, "भाऊजी, भाव तुम्हीच नीट कराल." मी एक-एक नाणं उचलत माझ्या नाण्यापाशी आलो. त्याच्याखाली त्यांच्या बारीक अक्षरात रिपोर्ट होता: "पुढचा पाय कानसेने घासून काढलेला. खऱ्या नाण्यावर टांकसाळीचा 'डी' असतो, तो नाही. खोटे. शेठना सांगू नये."

मी तडक एडिनबराला फोन लावला. "तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि तू गप्प बसलीस?"

"भाऊजी, मी त्यांना त्याच दिवशी विचारलं, असं का बोललात म्हणून. ते म्हणाले, एका महिन्यात दोनदा फसलो हे त्या माणसाला झेपायचं नाही."

झेपायचं नाही. हे ठरवणारे ते कोण? मी भाजीच्या ट्रका उतरवल्या आहेत, बर्फात उघड्यावर सुटकेस विकल्या आहेत, मला बारा पाउंडांचा रेडा झेपला नसता? मी दुसऱ्या रविवारी जाऊन त्या विकणाऱ्याची गचांडी धरली असती. डॉक्टरांशी भांडलो असतो, चार महिने बोललो नसतो, आणि मग भूक लागली की गेलो असतोच की त्यांच्याकडे जेवायला. वॉशरवाल्या बाईंना वीस माणसांत सांगता येतं, आणि मला घरात, दार लावून सांगता येत नाही? त्यांची ती खरं बोलण्याची एवढी मोठी पुंजी, ती माझ्यावर खर्च करायला त्यांना मी सांगितलं होतं?

मेहुणी म्हणते, जाऊ द्या, विसरा. मी विसरणार नाही. बाकीची नाणी चांगल्या भावाने विकून मी तिला एकूण एक पेनी पोचवली. आता रविवारी मिल्टन कीन्सला जायचं कारण उरलेलं नाही. तरी दोनदा सवयीने गाडी त्या रस्त्याला लागली आणि गोल चौकातून परत फिरवावी लागली. त्या घरात आता दुसरे लोक राहतात. मी कोणाचं दार वाजवायचं? डॉक्टर, मला याचं उत्तर पाहिजे. तुम्ही नाही, तर कोणीतरी द्या.