बांगडीवालीने सांगितलेली माझी कादंबरी

“सोड गो. हात सैल सोड. बांगडी भरते, जीव नाय घेत.”

असं म्हणत ती समोरच्या बाईचा हात आपल्या मांडीवर ओढायची, अंगठ्याच्या मुळाशी दाबायची, पंजा चेपून निमुळता करायची आणि बोलता बोलता बांगडी मनगटात सरकवायची. दुखतंय हे कळेपर्यंत तिसरी बांगडी आत गेलेली असायची.

तुम्हीही अशी एखादी बांगडीवाली पाहिली असेल. आमच्या शहापूरच्या आळीत ती आली की आधी बोचकं उंबऱ्याशी टेकायची, मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून खाली बसायची आणि म्हणायची, “बस झालं आता. पुढल्या म्हयन्यापासून घरी बसणार.” हे इतकी वर्षं ऐकलं होतं, की ते ‘राम राम’सारखंच झालं होतं. कोणी मनावर घेत नसे.

आता माझ्या कादंबरीबद्दल सांगायला हवं. त्यात बढाई मारण्यासारखं काही नाही, तेव्हा निर्धास्त वाचा. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी एक हलकीफुलकी प्रेमकथा लिहिली. नायिका मुरबाडची, नवीन नोकरीला लागलेली मास्तरीण, वेणीत अबोली आणि डोक्यात वारा. म्हणजे मीच. ही मुलगी किन्हवलीला जाणाऱ्या एसटीत खिडकीच्या जागेवरून एका तरुणाशी रोज भांडते. एके दिवशी धूळ येते म्हणून तो उठून तिच्या बाजूची खिडकी लावतो, आणि ही बावळट त्याच्या प्रेमात पडते. हे सगळं खरं घडलेलं. कादंबरीत मी एवढंच लिहिलं नाही, की त्याला सर्दी झाली होती आणि खिडकी त्याने स्वतःसाठी लावली होती. मला ते लग्नानंतर कळलं. तोवर पत्रिका वाटून झाल्या होत्या.

नातवाच्या हौसेने पुस्तक छापून आलं. पाठीवर माझा फोटो. वाचकांच्या प्रतिक्रिया यायला लागल्या. जाऊबाई म्हणाल्या, “हे आमचे भावजीच ना? मग नाक एवढं सरळ कुठून आणलंत?” आमचे जुने मुख्याध्यापक म्हणाले, “विनोदी आहे, पण यातून बोध काय घ्यायचा?” मुलगी म्हणाली, “आई, सासरच्यांना वाचायला देऊ नकोस.” आणि ज्यांच्यावर लिहिलं होतं त्या आमच्या ह्यांनी दुपारभर बसून पुस्तक संपवलं, मिटलं आणि म्हणाले, “बरं आहे.” चहालाही ते तेवढंच म्हणायचे.

उरलेले गठ्ठे पडवीत पडले होते. बांगडीवालीने त्यांच्याकडे पाहिलं.

“खपत नाय वाटतं.”

“तुझ्या खपतात का बांगड्या?”

“नाय. आताच्या पोरी लग्नात घालतात नि फोटो काढून झाला की उतरवतात. द्या एक. मी चौथीपर्यंत गेलेय. माझ्या सुनेला वाटेल देवाचं वाचते.”

बोचक्यात बांगड्यांच्या वर तिने ते पुस्तक ठेवलं आणि गेली.

काही महिन्यांनी किन्हवलीला एका हळदीला गेले होते. मंडपात एक बाई माझ्याकडे टक लावून बघत होती. शेवटी उठून आली. “तुमी त्या पुस्तकवाल्या बाई ना? पाठीवर फोटो हाय तुमचा. लई हसलो आमी. त्या पोरीनं सासूला चिखलात ढकललं, ते बेस केलं.”

मी मान डोलावली. लेखिकेने मान डोलवायची असते. मग डोक्यात आलं, माझ्या कादंबरीत चिखल नाही. सासूही नाही, कथा लग्नापाशी संपते.

“आणि तो आचारी नवरीकडं बघत बघत डाळीत साखर टाकतो,” दुसरी म्हणाली.

आचारीही नाही.

पुढच्या खेपेला मी बांगडीवालीला धरलं. “माझ्या कादंबरीत कोणी कोणाला चिखलात ढकलत नाही.”

“तुमी नाय ढकललं. मी ढकललं.”

“का?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गातल्या मागच्या बाकाकडे पाहायचे. “बाई, बाईमाणूस हसल्याबिगर हात सैल सोडत नाय. हात आखडला का बांगडी फुटते. फुटली का नुकसान कोणाचं? तुमचं पयलं पान वाचून दाखवलं, तर एकीच्या हातात चार फुटल्या.”

“एवढं वाईट आहे?”

“वाईट नाय. पण तुमची पोरगी इतकी पानं खिडकीसाठी भांडते. डोळखांबच्या बायका उभ्यानं येतात गाडीतून. बसायलाच नाय, तर खिडकी कुठली? नि तुमचा तो हिरो लई गप. गप नवरे सगळ्यांच्या घरात हायेत. त्यासाठी पुस्तक कशाला?”

मुख्याध्यापकांपेक्षा ही प्रतिक्रिया मला जास्त लागली. रात्री ह्यांना सांगितली. ते म्हणाले, “बरं आहे.”

त्यानंतर ती दर खेपेला बातमी आणायची. या पाड्यावर नायिकेला अबोली आवडत नाही, तिला सुरंगी हवी. तिकडे एक म्हातारी नायकावर रागावली आहे, कारण त्याने आईला न विचारता सायकल विकली. ही सायकल कुठून आली हे मी विचारायचं सोडून दिलं. माझ्या पोरीचं बाहेर कसं चाललंय, एवढंच ऐकत बसायचे. ती तिकडे माझ्याकडे असताना होती त्यापेक्षा धीट झाली होती.

त्या वर्षीच्या थंडीत आमचे हे गेले. आजारपण लांबलं होतं, मी थकले होते. शेवटी तर रडण्याआधी मला झोप लागली. हातातल्या बांगड्या मी स्वतःच काढून ठेवल्या. कोणी सांगितलं नव्हतं, नको वाटल्या.

आता माझ्याकडे तिचं गिऱ्हाईक उरलं नव्हतं. तरी ती आली. बोचकं न सोडता बसली, चहा प्यायली, आणि सवयीने माझा हात मांडीवर ओढून अंगठ्याच्या मुळाशी दाबत राहिली. भरायचं काहीच नव्हतं. बऱ्याच वेळाने म्हणाली, “बाई, पुढला भाग लिवा.”

“लग्न झालं. संपली गोष्ट.”

“लग्न झालं मंजे संपली? मी तर लग्नापासूनच यायला लागते. बायका इचारतात, पुढं काय. तेच तेच ऐकून हसत नाय आता. पुढलं नसंल तर मला दारात कोण बसवणार? बांगड्या तर काय, स्टँडवरच्या दुकानात पण भेटतात.”

मी नाही म्हणाले. पुढचा भाग म्हणजे संसार, औषधांच्या पिशव्या, मुरबाडच्या आणि कल्याणच्या खेपा. त्यात हसण्यासारखं काय होतं? आणि खरं सांगायचं तर मला हात उचलून पेन घ्यायचाही कंटाळा आला होता.

“मग मी सांगू माझ्या मनानं?” तिने विचारलं.

“सांग. आजवर काय माझ्या मनाने सांगत होतीस?”

तेव्हापासून ती पुढच्या भागाच्या बातम्या आणायला लागली. नवऱ्याने सुकट करपवली आणि मांजरावर आळ घेतला. नवरा बायकोला न सांगता तिच्यासाठी बांगड्या घेऊन आला, त्या निघाल्या लहान मापाच्या, मग तो म्हणाला, “तुझाच हात वाढला.” त्यावर डोळखांबच्या बायका दिवसभर हसल्या म्हणे. एकही बांगडी फुटली नाही.

एकदा म्हणाली, “पाड्यावरच्या बायका सांगतात, नवऱ्याला मारू नको. पुस्तकात नवरे लई मरतात.”

“मग तू काय म्हणालीस?”

“मी म्हटलं, नाय मारत. माझ्या हातात हाय ते.”

मी चहा ठेवायला उठले. घरात फोटोला हार होता. तिकडे डोंगरात मात्र आमचे हे अजून चालतेफिरते होते, आणि इथल्यापेक्षा कितीतरी बोलके झाले होते.

होळीनंतर ती आली नाही. मला वाटलं, एकदाचं खरं केलं, घरी बसली. मग तिच्या सुनेला फोन केला. “आई गेल्या,” ती म्हणाली. “झोपेतच. दमल्या होत्या हो फार.” बोचकं त्यांनी स्टँडवरच्या दुकानदाराला देऊन टाकलं होतं. पुस्तकाचं विचारायचं राहून गेलं.

मे महिन्यात मी डोळ्यांसाठी सरकारी दवाखान्यात बसले होते. शेजारी एक बाई नातीला घेऊन बसली होती. तिने दोनदा वाकून माझं तोंड पाहिलं.

“तुमी शापूरच्या पुस्तकवाल्या बाई. आमी डोळखांबच्या वरल्या पाड्यावरच्या. ती बांगडीवाली आली नाय परत.”

मी काय झालं ते सांगितलं. तिने पदर तोंडाला लावला. मग ती हळूच म्हणाली, “पण त्याचं काय झालं?”

“कोणाचं?”

“गोष्टीतल्या पोरीच्या नवऱ्याचं. रागानं घर सोडून गाडीत बसला नि माळशेजकडं गेला. हिथवर सांगून ती उठली. म्हणाली, पुढल्या खेपेला. आमच्याकडं भांडणं लागलीत. कोण म्हणतं येतो, कोण म्हणतं नाय येत. तुमी लिवलंय, तुमाला ठावं असंल.”

मला ठाऊक होतं. तो येत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? ओठांवर आलंही होतं. पण ती पुढे सरकून बसली होती, नातीसुद्धा कान देऊन होती.

“वैशाखऱ्याला उतरला,” मी म्हणाले. “मनात आलं, परत जावं. पण पिशवी गाडीतच राहिली.”

“राहणारच. येंधळा हाय तो.”

“मग तो उन्हातून गाडीमागे पळाला.”

“पळणार नाय तो, बाई. तो हात दाखवत उभा राहील. गाडी थांबंल, असं त्याला वाटणार.”

खरं होतं. अगदी तसेच उभे राहायचे ते.

तेवढ्यात आतून तिच्या नातीचं नाव पुकारलं. ती उठली, पोरीचा हात धरला, दारापर्यंत गेली आणि मागे वळली. “आलेच मी, बाई. तवर त्याला घरात घेऊ नका.”

“नाही घेत,” मी म्हणाले.

आणि बाकावर बसून राहिले. वैशाखऱ्याच्या फाट्यावर तो हात वर करून उभा होता. ऊन मी जरा कमी केलं.