तेहतीस नगांचं वाण

सातवीत मी शाळा सोडली की शाळेने मला, यावर अजून एकमत नाही. कोकणातून निघालो तो थेट अंकुशनगरच्या साखर कारखान्यात हेल्पर म्हणून टेकलो, आणि जालन्यात मस्तगडच्या एका, कचेरीत नोकऱ्या करणाऱ्या घराने मला मुलगी दिली. का दिली, हे मी कधी विचारलं नाही. उगाच चूक त्यांच्या लक्षात यायची.

लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना आला. जावयाला जेवायला बोलावून तेहतीस अनारशांचं वाण द्यायची रीत. सासऱ्यांना अनारसे म्हणजे फुकटचा खर्च वाटला. घरापुढचा गाळा रिकामा होता, तिथे जावयाने दुरुस्तीचं दुकान टाकावं असं त्यांच्या मनात. मेहुण्याच्या मनात तिथे एसटीडी बूथ. तर सासऱ्यांनी दुबईहून कुणाकडून तरी मागवलेली ड्रिल मशीनची पेटीच मला वाण म्हणून दिली. आतला माहितीचा कागद अरबीत. सासूबाईंनी मला ओवाळलं आणि मशीनलाही हळदीकुंकू लावलं.

हात धुऊन येतो तर मेहुण्याने सगळे नग सतरंजीवर मांडलेले.

“दाजी, हे दातेरी कडं कशाचं?”

“लाकडाला मोठं गोल भोक पाडायचं असेल.”

“असेल?”

“मला तर करंजी कापायचं वाटतंय,” बायको म्हणाली. माझीच बायको.

“आन ही खुणांची दांडी?”

“मोजायला.”

“मंग फूटपट्टीनं काय घोडं मारलं होतं?”

सासरे म्हणाले, “गप रे. कारखान्यातला माणूस हाय, बराबर माहीत असतंय त्याला.” कारखान्यात मी पोती उचलत होतो.

“मंग भिंतीत एक भोक पाडून दाखवू द्या,” मेहुणा म्हणाला. “पडलं तर गाळा दाजीचा. न्हाई तर बूथ.”

सासऱ्यांनी मान डोलावली. मी वीतभर लांब बिट, म्हणजे भोक पाडायची सळई, मशीनच्या तोंडात घातलं, हाताने आवळलं, भिंतीला टेकवलं आणि बटण दाबलं. मशीनचं तोंड फिरलं, बिट जागेवरच.

“दाजी, भिंतीला गुदगुल्या करून राह्यले का?”

“मामा, एक नग कमी आहे,” मी घाम पुसत म्हणालो. “हे तोंड आवळायला काहीतरी दिलेलं असणार.”

“पेटी बंद आल्ती!” मेहुणा ओरडला.

आतून सासूबाई म्हणाल्या, “कमी कशानं? एक जास्तीचंच होतं. वाण तेहतीसचं असतंय. ओवाळायच्या आधी मोजले तर चौतीस निघाले, म्हणून एक काढून देवापाशी ठेवलं.”

देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या शेजारी दातेरी तोंडाची छोटी चावी, फूल वाहिलेली. बाळकृष्णाला ड्रिल चालवायचं असेल तर माझी हरकत नव्हती, पण गाळा माझा जात होता.

“ही घ्या,” सासूबाई म्हणाल्या, “पण बदल्यात एक द्या. चौतीस बिलकुल चालायचे न्हाईत.”

सगळ्यात बिनकामाची दिसणारी खुणांची दांडी मी देवाला दिली. चावीने तोंड आवळलं, मशीन भिंतीला लावून डोळे मिटले आणि जोर दिला. विटेचा भुगा उडाला. बिट आत गेलं, आणखी आत गेलं, मग एकदम मोकळं झालं.

पलीकडून शेजारीण किंचाळली, “अगं माय! कणकीत माती पडली की!”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. “मामा, ती दांडी मशीनच्या बाजूला बसवायची असते. तिचं टोक भिंतीला टेकलं की थांबायचं. भोक किती खोल पाडायचं ते तिच्यावर.”

“देवाला इचारून आले का?” मेहुण्याने विचारलं.

सासरे उठले, भोकाला डोळा लावून बराच वेळ पलीकडे बघत राहिले. मला माझी ट्रंक आठवली, कोकणची एसटी आठवली.

“भोक पडलं का न्हाई?” त्यांनी मेहुण्याला विचारलं.

“पडलं, पण...”

“मंग गाळा त्यांचा.”

दुसऱ्या दिवशी मी शटर उघडलं. पहिलं गिऱ्हाईक शेजारीण, भोक बुजवून मागायला. मेहुण्याने सिमेंट कालवून दिलं, आणि दुकानाच्या पाटीवर काय लिहायचं तेही विचारून गेला.