केसाचं तेल, रंगाचं तेल

केरळातल्या खाडीत बेटाबेटांवर मी एकटा, पाठीवर पिट्ठू अडकवून हिंडलो, असं सांगितलं की लोकांना वाटतं काय मजा केली असेल. मजा कसली डोंबलाची! मला अजून शिसारी येते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरला इतवारीत आमचं भांड्यांचं दुकान. मला मुंबईला नोकरी मिळत होती आणि बाबांनी अट घातली. "महिनाभर परमुलखात एकटा राहून दाखव. तुले घरच्याशिवाय घास उतरत नाही, आठ दिवसांत पळून येशीन. टिकला तर जा नोकरीले, नाही तर गप दुकानाच्या गादीवर बस." मीही इरेला पेटलो आणि मुद्दाम लांबचा मुलूख निवडला.

तिथं घाम म्हणून वाळत नव्हता. नागपूरचा उन्हाळा भाजून काढतो, पण माणसाला कोरडा तरी ठेवतो. इथं सदरा अंगाला चिकटलेला, पिट्ठूला बुरशी, आणि खाडीकाठच्या प्रत्येक गावात मासळीचा अन् काथ्यासाठी कुजत घातलेल्या नारळाच्या सोडणांचा वास. शी! आणि जेवण? सगळं खोबरेल तेलात! आमच्याकडे ते डोक्याला चोपडतात. घास तोंडाशी आला की न्हाव्याच्या दुकानात पंगतीला बसल्यासारखं वाटायचं. पंधरा दिवस मी केळ्यांवर काढले.

सोळाव्या दिवशी एका बेटावर एका म्हाताऱ्या बाईच्या खाणावळीत उतरलो. केळीच्या पानावर भात आला, भाजी आली. मी भाजी बाजूला सारली, आईनं जेवणासाठी दिलेली जवसाच्या तेलाची बाटली काढली आणि भातावर ओतली. दोन घास पोटात गेले असतील. बाईला वास आला आणि तिनं किंकाळीच फोडली. पान भिरकावलं, माझ्या घशात बोटं घातली, वरून मिठाचं पाणी पाजलं. मी सगळ्या गावासमोर भडाभडा ओकलो.

फौजेतून आलेल्या एका नावाड्याला हिंदी येत होतं. तो म्हणाला, "ये तो दरवाजे के रंग में डालने का तेल है. क्यों मरना चाहता है, बेटा?"

एकटा पोरगा, डोळे खोल गेलेले, जेवण नको म्हणतो. मी जीव द्यायलाच आलोय असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. माझं डोकं फिरलं. "और तुम लोग बालों का तेल खाते हो, वो?" नावाड्यानं ते बाईला सांगितलं. तेव्हापासून माझं जेवण तिनं वेगळ्या भांड्यात, तेलाचा थेंब न घालता शिजवलं. मी तेही तोंड वाकडं करूनच खाल्लं.

पिट्ठूवर आमच्या दुकानाचा पत्ता रंगवलेला होता. नावाड्यानं मला न विचारता तिथं तार ठोकली. पाचव्या दिवशी होडीतून बाबा उतरले. वर्ध्यापलीकडे कधी न गेलेला माणूस! आधी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग नावाड्याकडून सगळं ऐकून घेतलं, बाईला हात जोडले आणि जेवायला बसले. कच्च्या केळ्याची भाजी होती, खोबरेल तेलात निथळत असलेली. बाबांनी पान पुसून खाल्लं. वर आणखी भाजी मागून घेतली. बाई पहिल्यांदाच हसली.

परतीच्या होडीत, बेट दिसेनासं झाल्यावर, बाबा काठावर वाकले आणि सगळं ओकले.

त्यांनी चूळ भरल्यावर मी म्हणालो, "बाबा, मी पळून नाही आलो. तुम्हीच आले."

"हो नं. आलो म्हणून पाहाले भेटलं." त्यांनी धोतरानं तोंड पुसलं. "तिनं तुह्या घशात बोटं घालून तुले वाचवाले पाहिलं, अन् तू तिच्याच अन्नाले नाक मुरडून राहिला. मले काय किळस नाही आली गा? पण तिच्यासमोर गिळलं का नाही? तुले हेवढं जमलं असतं, तर आजच जाऊ दिलं असतं नोकरीले."

मुंबईचं नाव मी परत कधी काढलं नाही. घरी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी गादीवर बसलो.