दुभाजकातला कट

कुरकुंभच्या पुढे महामार्गाला लागून माझा वजनकाटा होता. हमाली करत करत उभा केलेला. पुढे महामार्ग रुंद करायला घेतला आणि माझ्यासमोर सलग दुभाजक येणार असं कळलं. मग पलीकडचा ट्रक काट्यावर वळणार कसा? दुभाजकात एक कट मिळाला असता तर काटा जगला असता.

तेव्हा मी दौंडला नगरसेवक होतो आणि विधान परिषदेची निवडणूक लागली होती. विधानसभेला सगळं गाव मत देतं. परिषदेच्या या जागेला मात्र आमच्यासारखे मोजके निवडून आलेले लोकच मतदार. मोजके म्हणून महाग. उमेदवार घरी आला तेव्हा मी सरळ भाव सांगितला.

"साहेब, बाकी काही नको. सभागृहात माझ्या कटाचा प्रश्न विचारा. माझ्या गटाची मतं तुमची."

"विचारतो, शेठ. गॅलरीत बसून ऐका."

मी त्याला बेलभंडारा उचलायला लावला. आमच्या भागात त्यापुढे कागद लागत नाही.

आमच्या मतांवर साहेब निवडून आले. हिवाळी अधिवेशनात मी नागपूरला गॅलरीत बसलो. खाली मधोमध उंचावर सभापती, त्यांच्या उजवीकडे सरकारवाले, डावीकडे विरोधक. प्रश्नोत्तराचा तास संपला. माझा कट आलाच नाही.

बाहेर आल्यावर साहेबांना गाठलं.

"प्रश्न दिला होता, दाखल झाला नाही," ते म्हणाले. "राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा विषय. तो दिल्लीला संसदेत विचारावा लागतो."

"मत मागताना हे ठाऊक नव्हतं?"

"होतं की. पण तुम्ही प्रश्न विचारा म्हणालात, तो मी दिला. कट आणा कुठं म्हणालात?"

ज्याच्याकडे मालच नव्हता त्याच्याशी मी घासाघीस केली होती, आणि त्याने मुकाट करू दिली होती. मी तिथंच शिव्या घातल्या. पोलिसांनी दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं. साहेबांचा माणूस मागून आला.

"आप्पा, आवाज कशाला करता? साहेब सहा वर्षं हायेत."

"आन् मी?"

तो हसला. पुढच्या वेळेपर्यंत माझी नगरसेवकी संपलेली असणार, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

दुभाजक झाला. ओळखीचे ट्रकवाले पलीकडून हॉर्न देत पुढच्या काट्यावर जायचे. सुरुवातीला मी हात करायचो. मग खुर्ची रस्त्याकडे पाठ करून मांडायला लागलो.