तिने गॅस बंद केला
बोरिवलीच्या बाजारात पुदिन्याची जुडी नाकाशी धरली, की मोरोक्कोतलं ते घर आठवतं. फिरायला गेले होते, एका कुटुंबाकडे उतरले होते. पुदिन्याचा चहा उकळत असताना भावाचा फोन आला, "बाबा गेले गं." मी "बाबा, बाबा" म्हणत रडू लागले. घरच्या बाईला माझी भाषा कळत नव्हती, तरी आपल्याकडे मयताच्या घरी करतात तसा तिने गॅस बंद केला. कधी न पाहिलेल्या माझ्या बाबांसाठी तिथे दिवसभर स्वयंपाक झाला नाही, शेजारणी झाकलेली ताटं आणत राहिल्या. मी घरी पोचेपर्यंत इथे सगळं उरकलं होतं. समोरच्या फ्लॅटचं दार बंद होतं आणि भाऊ मोबाइलवर बोट फिरवत विचारत होता, "तुला काय मागवू?" भाजीवाली आता वैतागते, "ताई, घेताय की नुसता वासच घेताय?" मी जुडी परत ठेवते.